अंबाजोगाईचा उपसंपादक

नांदूरघाटच्या थांब्यावर एसटीची वाट बघताना कुणाला सांगून बघा, की मी मास कम्युनिकेशन करतोय. समोरचा आधी विचारतो, पत्रकार होणार का. तुम्ही हो म्हणायच्या आत त्याचा दुसरा प्रश्न तयार असतो, की मग कुठल्या साहेबांकडे लागणार? हसू नका. असं विचारणारा माणूस अडाणी नसतो, त्याने आजूबाजूला बघितलेलं असतं. आपल्या भागात ज्याला चार ओळी नीट लिहिता येतात, मोबाइलवर व्हिडिओ कापता येतो, त्याला पहिला पगार वर्तमानपत्र देईलच असं नाही. एखाद्या नेत्याचं पेज सांभाळायचं काम मात्र लगेच मिळतं. मग सकाळी गावच्या पाणीटंचाईची बातमी आणि संध्याकाळी त्याच फोनवरून साहेबांच्या दौऱ्याचं रील, अशी दोन्ही कामं एकच पोरगा करतो. आपण नेमके कोण? पत्रकार, कार्यकर्ता की पीआरवाला? हा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल, तर आपल्या शेजारच्या अंबाजोगाईच्या एका माणसाचं आयुष्य एकदा नीट बघून घ्या.

प्रमोद महाजन. त्यांना जाऊन आता दोन दशकं होत आली. तुम्ही जन्मलात त्या सुमारास ते दिल्लीत मंत्री तरी होते, नाहीतर नुकतेच गेले तरी होते. त्यामुळे आपल्या पिढीला ते माहीत आहेत ते घरातल्या मोठ्यांच्या गप्पांतून, गोपीनाथ मुंडेंच्या गोष्टीत मध्येच येणाऱ्या नावातून, किंवा एका व्हिडिओतून. तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल, त्याच्याकडे पुढे वळूच. मला मात्र त्यांच्या बायोडेटातली एक ओळ सगळ्यात जास्त खुणावते. केंद्रीय मंत्री, खासदार, सरचिटणीस अशा भारदस्त पदांच्या खाली कुठेतरी ती दबलेली असते. उपसंपादक, तरुण भारत, पुणे.

पण आधी घर. ३० ऑक्टोबर १९४९ ला त्यांचा जन्म महबूबनगरला झाला. आज हे गाव तेलंगणात आहे, म्हणून इंटरनेटवर वाचताना गोंधळायला होतं. पण तेव्हा महबूबनगर आणि अंबाजोगाई एकाच राज्यात होती, हैदराबाद संस्थानात. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन संस्थान भारतात आलं त्याला जेमतेम वर्ष झालेलं होतं. वडील शिक्षक. पुढे कुटुंब अंबाजोगाईला आलं आणि प्रमोदचं शिक्षण योगेश्वरीत झालं. योगेश्वरी ही साधीसुधी शाळा नव्हती. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी तिथे शिक्षक म्हणून काम केलेलं. अंबाजोगाई मुकुंदराजांची आणि दासोपंतांची. दासोपंतांनी तर एका लांबच लांब पासोडीवर, म्हणजे कापडावर, पंचीकरण लिहून काढलं होतं. कापडावर मजकूर लिहायची परंपरा आपल्याकडे इतकी जुनी आहे, हे चौकातले फ्लेक्स बघताना मला उगाच आठवतं. असो.

कॉलेजात असताना त्यांना नाटकाची ओढ होती आणि बोलण्याची हातोटी होती. परळी तालुक्यातल्या नाथ्र्याचा एक मुलगा तिथेच त्यांचा मित्र झाला, तो गोपीनाथ मुंडे. मुंडेंना संघटनेच्या कामात ओढलं ते महाजनांनी. दोघांची ही जोडी पुढे अखेरपर्यंत टिकली आणि नात्यातही बदलली, कारण महाजनांची बहीण मुंडेंच्या घरात गेली. घरात पैसा नव्हता, वडील लवकर गेले. महाजनांनी भौतिकशास्त्रात पदवी घेतली, मग राज्यशास्त्रात एम. ए. केलं, आणि पत्रकारितेच्या पदवीसाठी पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट गाठलं. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं आज एखादा करिअर काउन्सेलर डोक्याला हात लावून विचारेल. तेव्हा काउन्सेलर नव्हते, हे बरंच झालं म्हणायचं.

१९७०-७१ च्या सुमारास ते तरुण भारतात उपसंपादक होते. हे वर्तमानपत्र संघाच्या विचारांचं होतं. म्हणजे पहिल्याच नोकरीत पत्रकारिता आणि विचारधारा यांच्यामधली भिंत पातळ होती, हे ताकाला जाऊन भांडं न लपवता सांगितलं पाहिजे. पण उपसंपादकाचं काम कुठेही सारखंच. इंटर्नशिपला लागल्यापासून मी ते जवळून बघतेय, त्यामुळे सांगते. बाहेरून आलेली बातमी लांबलचक असते, तिच्यात फापटपसारा असतो, महत्त्वाची गोष्ट चौथ्या परिच्छेदात दडलेली असते. उपसंपादक ती वर आणतो, बाकीचं कापतो आणि माथ्यावर चार-पाच शब्दांचा मथळा बसवतो. वाचणारा पान उलटायच्या आत थांबला पाहिजे. त्या काळी तर कंपोझिंगमध्ये शिशाचे खिळे एकेक करून जुळवावे लागत. एक शब्द जास्त झाला की ओळ मोडायची आणि खालच्या माणसाच्या शिव्या खायच्या. जागा मोजून विचार करायची सवय त्या खिळ्यांनी कित्येक पिढ्यांना लावली.

ही सवय महाजनांनी आयुष्यभर सोडली नाही. नोकरी मात्र लगेच सोडली. १९७१ ला ते अंबाजोगाईला परतले आणि खोलेश्वर विद्यालयात इंग्रजी शिकवू लागले. भौतिकशास्त्राचा पदवीधर, पत्रकारितेचा पदवीधर, आणि शिकवतोय इंग्रजी. तीन वर्षं हे चाललं, लग्नही झालं. मग १९७४ ला त्यांनी तीही नोकरी सोडून पूर्णवेळ संघकार्य पत्करलं. घरची परिस्थिती बघता हा निर्णय सोपा नव्हता. पुढच्याच वर्षी, जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली आणि विरोधकांची धरपकड सुरू झाली. महाजनांनाही तुरुंगवास घडला. वर्तमानपत्रांवर सेन्सॉरशिप आली होती. सरकारी अधिकाऱ्याने पास केल्याशिवाय बातमी छापता येत नव्हती. पत्रकारितेची पदवी खिशात असलेल्या एका पंचविशीतल्या पोराने सरकार बातमी कशी दाबतं हे तेव्हा पाहिलं, हे लक्षात असू द्या. पुढे तोच पोरगा माहिती खात्याचा मंत्री झाला.

एप्रिल १९८० मध्ये भारतीय जनता पक्ष निघाला आणि महाजन महाराष्ट्रात पक्षाचं काम बघू लागले. पक्ष लहान होता. १९८४ ला त्यांनी मुंबईच्या ईशान्य मतदारसंघातून लोकसभा लढवली आणि गुरुदास कामत यांच्याकडून हरले. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती निवडणूक, देशभरात भाजपला दोनच जागा मिळाल्या. दोन! पण हरलेल्या उमेदवाराला पक्षाने घरी बसवलं नाही. १९८६ ला ते पक्षाच्या युवा आघाडीचे, युवा मोर्चाचे, राष्ट्रीय अध्यक्ष झाले आणि राज्यसभेवरही गेले. १९८९ ला शिवसेनेशी जी युती झाली ती जुळवणाऱ्यांत महाजन पुढे होते.

इथे जरा थांबून ही माणसं बघा. बाळासाहेब ठाकरे मुळात व्यंगचित्रकार, त्यांनी १९६० ला मार्मिक साप्ताहिक काढलं आणि सहा वर्षांनी शिवसेना. अटलबिहारी वाजपेयींनी तरुणपणी पांचजन्यसारखी नियतकालिकं संपादित केली. लालकृष्ण अडवाणी ऑर्गनायझरमध्ये पत्रकार होते, तिथे ते सिनेमाची परीक्षणंही लिहायचे. आणि हे चौथे, तरुण भारताचे माजी उपसंपादक. म्हणजे त्या काळातल्या या आघाडीची सूत्रं ज्यांच्या हातात होती, ते सगळे कधी ना कधी डेडलाइनवर काम केलेले लोक होते. काँग्रेसमध्ये वकील पुष्कळ होते, इकडे वर्तमानपत्रवाले. माझं मत असं, की त्यानंतरच्या राजकारणात मथळ्याला जे महत्त्व आलं त्याचं मूळ थोडंफार इथेही आहे. हे कुणी पुस्तकात लिहिलेलं नाही, माझंच निरीक्षण आहे, पटलं नाही तर सोडून द्या.

१९९० ची रथयात्रा घ्या. अयोध्येच्या प्रश्नावर अडवाणींच्या मनात पदयात्रा काढायचं होतं. महाजनांनी हिशेब मांडला, की पायी चालून किती गावं होणार? त्यांनी गाडीची कल्पना दिली. टोयोटाच्या एका मिनीबसला रथासारखं रूप दिलं गेलं आणि २५ सप्टेंबरला ती सोमनाथहून निघाली. मास कॉमच्या विद्यार्थ्याने याकडे माध्यम म्हणून बघावं. तेव्हा टीव्ही म्हणजे फक्त दूरदर्शन आणि ते सरकारच्या ताब्यात. खासगी वृत्तवाहिन्या नव्हत्या, इंटरनेट तर दूरच. विरोधी पक्षाने आपली गोष्ट लोकांपर्यंत न्यायची कशी? तर गाडीच माध्यम झाली. रोज नवा मुक्काम म्हणजे रोज नव्या गावाच्या वर्तमानपत्राला पहिल्या पानाची बातमी आणि फोटोत ठळक दिसणारा रथ. उपसंपादकाला जे हवं असतं ते सगळं त्यात होतं. दिसायला सोपं, सांगायला थोडक्यात, आणि उद्या काय होणार ही उत्सुकता.

२३ ऑक्टोबरला बिहारमध्ये समस्तीपूरला लालूप्रसाद यादव यांच्या सरकारने अडवाणींना अटक केली आणि यात्रा थांबली. भाजपने पाठिंबा काढला, व्ही. पी. सिंह यांचं सरकार पडलं. पण हिशेब एवढ्यावर संपत नाही. त्या महिन्यांत देशात ठिकठिकाणी दंगली झाल्या, माणसं मेली. दोन वर्षांनी, ६ डिसेंबर १९९२ ला, बाबरी मशीद पाडली गेली आणि त्यानंतर मुंबई जळाली. आपल्याला वर्गात शिकवतात, की मोहीम यशस्वी झाली का हे मोजायचं तर ती किती लोकांपर्यंत पोहोचली ते बघा. पोहोचल्यावर लोकांनी काय केलं, याचा रकाना त्या तक्त्यात नसतो. रथयात्रेचं संयोजन म्हणून आजही महाजनांचं कौतुक होतं. ते कौतुक ऐकताना मला हा रिकामा रकाना दिसतो.

यात्रेनंतर त्यांचं नाव पक्षात कामाचा माणूस म्हणून पक्कं झालं. अधिवेशन भरवायचं, निधी उभा करायचा, उद्योगपतींशी बोलायचं, मित्रपक्षाला समजवायचं, सगळं त्यांच्याकडे. मार्च १९९५ ला महाराष्ट्रात युतीचं सरकार आलं, मुंडे उपमुख्यमंत्री झाले. १९९६ ला महाजन ईशान्य मुंबईतून लोकसभेवर निवडून आले आणि वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारात थेट संरक्षणमंत्री झाले. याच काळात त्यांच्या राहणीवर, पंचतारांकित हॉटेलांतल्या बैठकांवर, उद्योगपतींशी असलेल्या सलगीवर टीकाही सुरू झाली. ती टीका पक्षातूनही व्हायची. लॅपटॉप घेऊन फिरणारा नेता तेव्हा लोकांना नवलाचा वाटायचा. आज गावात सरपंचाकडेही असतो.

आता तो व्हिडिओ. देवेगौडांच्या काळातल्या लोकसभेतलं भाषण आहे. महाजन चीनला गेल्याची गोष्ट सांगतात. सोबत निरनिराळ्या पक्षांचे खासदार होते आणि तिथल्या कुणाला तरी भारताची लोकशाही समजून घ्यायची होती. मग ते एकेकाची ओळख करून देतात. स्वतः सगळ्यात मोठ्या पक्षाचे, आणि बसतात विरोधात. दुसऱ्या क्रमांकाच्या पक्षाचे खासदार, ते बाहेरून पाठिंबा देतात. तिसरे आघाडीत आहेत, पण सरकारात नाहीत. आणि शेवटी गोव्याचे रमाकांत खलप, पक्षाचे एकटेच खासदार, तेच सरकारात मंत्री. सभागृह हसून लोटपोट, आणि ज्यांच्यावर विनोद झाला तेही हसतायत.

हे भाषण दोनदा बघा. पहिल्यांदा हसायला, दुसऱ्यांदा शिकायला. त्रिशंकू संसद, बाहेरून पाठिंबा, अल्पमतातलं सरकार, या विषयावर आपल्या पेपरात दहा मार्कांचा प्रश्न येतो आणि आपण दोन पानं भरतो. त्यांनी तो चार माणसांच्या ओळखीत बसवला. कुणाला वाईट शब्द नाही, आकडेवारी नाही, कागद हातात नाही. शेवटचं नाव शेवटी ठेवलंय कारण खरी गंमत तिथे आहे. खिळे मोजून मथळा बसवणारा माणूस असाच बोलणार.

१९९८ ला ते पुन्हा गुरुदास कामतांकडून हरले. आधी पंतप्रधानांचे सल्लागार, मग राज्यसभा, आणि डिसेंबर १९९८ मध्ये माहिती व प्रसारण मंत्री. आता हे खातं काय असतं ते आपल्या कामाचं आहे म्हणून जरा सविस्तर. दूरदर्शन आणि आकाशवाणी त्याच्या छत्राखाली. पत्र सूचना कार्यालय, ज्याला सगळे पीआयबी म्हणतात, ते सरकारच्या प्रत्येक निर्णयाची प्रेसनोट काढतं. आणि डीएव्हीपी, म्हणजे सरकारी जाहिराती कुठल्या वर्तमानपत्राला किती द्यायच्या ते ठरवणारी तेव्हाची यंत्रणा. जिल्ह्याच्या गावी निघणाऱ्या छोट्या दैनिकांचा संसार सरकारी जाहिरातींवर किती अवलंबून असतो, हे त्यात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणजे बातमी देणारं खातं आणि बातमी छापणाऱ्याला पैसे देणारं खातं एकच. देशातलं सगळ्यात मोठं जनसंपर्क कार्यालय म्हणा ना! त्याच्या खुर्चीत एक माजी उपसंपादक.

पुढच्याच उन्हाळ्यात कारगिल युद्ध झालं. टीव्हीवर दिसलेलं आपलं ते पहिलं युद्ध. रोज सैन्य आणि परराष्ट्र खात्याकडून माहिती दिली जायची, वाहिन्यांचे वार्ताहर आघाडीवर होते, आणि पाकिस्तान टीव्ही केबलवर दाखवायला सरकारने बंदी घातली. युद्धात शत्रूचा प्रचार घराघरात का शिरू द्यायचा, हा सरकारचा युक्तिवाद. प्रेक्षकाला दोन्ही बाजू बघून ठरवू द्या, हा पत्रकारितेच्या वर्गातला युक्तिवाद. सेन्सॉरशिपविरुद्ध लढून तुरुंगात गेलेल्या पिढीचा माणूस तेव्हा मंत्री होता. यात ढोंग होतं असं मी म्हणणार नाही. खुर्ची बदलली की प्रश्न वेगळा दिसतो, एवढं मात्र खरं, आणि तीनही खुर्च्यांत बसण्याची इच्छा असलेल्यांनी हे आधीच माहीत करून घेतलेलं बरं.

ऑक्टोबर १९९९ ला नवं सरकार आलं, माहिती तंत्रज्ञान नावाचं वेगळं खातं निघालं आणि ते महाजनांकडे आलं. संसदीय कामकाजही त्यांच्याकडेच. त्यांच्या कारकिर्दीत माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० झाला, १७ ऑक्टोबर २००० पासून तो लागू आहे. डिजिटल सहीला कायद्याची मान्यता, संगणकातल्या नोंदीला पुरावा म्हणून किंमत, हॅकिंगला शिक्षा, हे सगळं त्यातून आलं. तुमच्या ओळखीत कुणाची ऑनलाइन फसवणूक झाली आणि गुन्हा नोंदवला गेला, तर त्यात आजही बहुधा याच कायद्याचं कलम असतं. नंतर कायद्यात बदल झाले, वादग्रस्त कलमंही आली, पण ती त्यांच्या पश्चात.

२००१ ला दूरसंचार खातंही मिळालं. मोबाइल तेव्हा श्रीमंतांची वस्तू होती आणि ती सगळ्यांच्या हातात जाण्याच्या उंबरठ्यावर होती. त्या बाजारात कुणाला कशी परवानगी द्यायची यावरून कंपन्यांमध्ये जोरदार भांडणं चालली होती आणि महाजन एका बाजूला झुकतात असे आरोप झाले. जानेवारी २००३ मध्ये त्यांना मंत्रिमंडळातून काढून पक्षाच्या कामाला लावलं गेलं. त्यांच्या काळातल्या स्पेक्ट्रम वाटपावर नंतर सीबीआयने खटला भरला, तेव्हा ते हयात नव्हते. २०१५ ला विशेष न्यायालयाने त्या प्रकरणातल्या आरोपींना दोषमुक्त केलं. कंपन्या आणि राजकारणी यांच्या जवळिकीचा प्रश्न तेवढ्याने संपला असं कुणी समजू नये. पण कोर्टाने काय म्हटलं तेही सांगायला हवं, नाहीतर आपण बातमी सोडून फक्त आरोप छापतो.

आणि आता २००४. सांगायचं होतं ते मुख्य हेच.

डिसेंबर २००३ मध्ये भाजपने मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि राजस्थान ही तीन राज्यं जिंकली. राजस्थानची जबाबदारी महाजनांकडे होती. विजयाचा भर होता, लोकसभा मुदतीआधी विसर्जित झाली. सरकारतर्फे इंडिया शायनिंग नावाची जाहिरात मोहीम आधीच सुरू होती, हिंदीत भारत उदय. अर्थ मंत्रालयाची मोहीम, ग्रे वर्ल्डवाइड या जाहिरात कंपनीने केलेली. हसरे चेहरे, चकाचक रस्ते, हातात मोबाइल. पक्षाच्या प्रचाराची सूत्रं महाजनांकडे आणि पक्षाने तोच सूर उचलला. सरकारची जाहिरात कुठे संपते आणि पक्षाचा प्रचार कुठे सुरू होतो, हे लोकांना कळेनासं झालं. दोन्हींचा खर्च निरनिराळ्या खिशांतून जातो, म्हणून हा फरक नुसता तांत्रिक नाही.

महाजनांनी प्रचारात नव्या गोष्टी आणल्या. एसएमएस आले. घराघरांतला फोन वाजायचा आणि उचलला की साक्षात वाजपेयींचा आवाज, आधी रेकॉर्ड करून ठेवलेला. आज तुम्ही असा फोन दोन सेकंदांत कापता. २००४ ला लोक फोन कानाला लावून उभेच राहायचे, काहींनी उलट नमस्कारही केला असेल. मी तेव्हा पाळण्यात होते, त्यामुळे ही माझी कल्पना. पण बघा, त्या फोनमध्ये एक गोष्ट नव्हती. समोरच्याला काही सांगायची सोय नव्हती. वार्ताहराच्या कामाची सुरुवात ऐकण्याने होते, दारात उभं राहून, चहा घेऊन, माणूस मुद्द्यावर येईपर्यंत. रेकॉर्ड केलेला आवाज नुसता सांगून मोकळा होतो.

आणि सांगण्यासारखं तर पुष्कळ होतं. त्या वर्षांत महाराष्ट्राच्या मोठ्या भागात दुष्काळ होता. आपल्या जिल्ह्यातली माणसं दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्यांच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात, हे अंबाजोगाईत वाढलेल्या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती. जाहिरातीतला चकाचक रस्ता आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बिऱ्हाड भरून जाणारं कुटुंब, दोन्ही एकाच देशात होतं. महाजनांना हे ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. पण ते कधी मराठवाड्यातून निवडणूक लढले नाहीत. लोकसभा लढवली ती मुंबईतून, बाकी सगळी वर्षं राज्यसभा. दिल्लीतल्या खोलीत सर्व्हे येतात, आकडे येतात, कंपनीचं प्रेझेंटेशन येतं. चौथ्या परिच्छेदात दडलेली बातमी शोधणारा उपसंपादक त्या खोलीत होता खरा, पण त्या वेळी तो मथळा लिहिण्यात गुंतला होता.

१३ मे २००४ ला निकाल लागला. भाजप १८२ वरून १३८ वर आला, काँग्रेसने १४५ जागा घेतल्या. आपल्या बीडची जागाही भाजपच्या हातून गेली. तिथे राष्ट्रवादीकडून निवडून आलेले जयसिंगराव गायकवाड आदल्या निवडणुकीत भाजपचेच खासदार होते. एका मोहिमेमुळे सरकार पडलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. मित्रपक्ष सुटले, काही राज्यांत आघाड्या चुकल्या, शेतीची अवस्था वाईट होती. पण इंडिया शायनिंग हे नाव तेव्हापासून फसलेल्या जाहिरातीचा नमुना म्हणून आपल्या अभ्यासक्रमात आहे. आपण ते शिकतो, पाच मार्कांची टीप लिहितो, आणि तिच्याशी जोडलं गेलेलं नाव अंबाजोगाईचं आहे हे आपल्यातल्या कित्येकांना माहीत नसतं.

पराभवाची जबाबदारी महाजनांनी जाहीरपणे स्वतःवर घेतली. हे सोपं नसतं. पीआरच्या धंद्यात तर अपयशाचा धनी कधी सापडतच नाही. एजन्सी क्लायंटकडे बोट दाखवते, क्लायंट एजन्सीकडे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राची विधानसभाही युतीने गमावली. तरी माणूस संपला नाही. डिसेंबर २००५ ला मुंबईत भाजपचं अधिवेशन झालं, वाजपेयींनी निवडणुकीच्या राजकारणातून बाजूला होत असल्याचं तिथे सांगितलं आणि अडवाणी-महाजनांना राम-लक्ष्मणाच्या जोडीची उपमा दिली. पुढच्या पिढीच्या नेत्यांत त्यांचं नाव वरच्या ओळीत होतं.

२२ एप्रिल २००६ च्या सकाळी वरळीच्या घरी त्यांच्या धाकट्या भावाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. बारा दिवस हिंदुजा रुग्णालयात झुंज चालली. वृत्तवाहिन्या दवाखान्याच्या दारात मुक्कामाला होत्या, तासातासाला प्रकृतीची बातमी. ३ मे ला ते गेले. वय ५६.

त्या बारा दिवसांचं चित्रण अजूनही इंटरनेटवर सापडतं. गर्दी, ओबी व्हॅन, माइक पुढे करणारे वार्ताहर, आणि अंबाजोगाईहून, परळीहून, केजहून मिळेल त्या गाडीने मुंबई गाठलेली माणसं. दवाखान्याच्या समोरच्या फुटपाथवर ती बसून आहेत. एखाद्या चेहऱ्यावर कॅमेरा सेकंदभर थांबतो आणि पुढे सरकतो.